एम.एस्सी. गणित : पदवी कशाबद्दल मिळते?

महाराष्ट्रातील विद्यापीठांत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी मांडणी लागू झाली. तिच्यानुसार गणितात एम.एस्सी. व्हायचे तर चार सत्रांत ८८ श्रेयांक जमवावे लागतात. त्यांपैकी प्रत्यक्ष विषयाच्या वाट्याला ७०, संशोधनपद्धतीला ४, कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्पाला ४ आणि शेवटच्या दोन सत्रांत मिळून संशोधन प्रकल्पाला १०. वर्षभराने थांबायचे असेल तर ४४ श्रेयांकांवर पदविका मिळते. हिशेब चोख आहे. मात्र एवढे सगळे जमवलेल्या विद्यार्थ्याला गणितात नेमके काय करता आले पाहिजे, हे त्या हिशेबातून कळत नाही. आमचा आक्षेप तिथेच आहे.

हा प्रश्न विद्यापीठांचा, त्याच्याशी शाळेचा काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. पण कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला गणित शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. एम.एस्सी.ला जे मागितले गेले नाही, ते पुढे अकरावीच्या फळ्यावर कोठून येणार?

एक उदाहरण घेऊ. 'लाग्रांजचा सिद्धांत सांगा व सिद्ध करा' हा परीक्षेतील जुना, भरवशाचा प्रश्न. सांत गटाच्या उपगटात जितके घटक असतात, त्या संख्येने मूळ गटाच्या घटकसंख्येला निःशेष भाग जातो, असे हा सिद्धांत सांगतो. सिद्धता छोटी आहे आणि पाठ करता येते. आता हाच प्रश्न जरा वळवून विचारू: १२ घटकांच्या गटाला ६ घटकांचा उपगट असायलाच हवा का? १२ ला ६ ने भाग जातो, तेव्हा पाठांतरवाला 'हो' म्हणून मोकळा होईल.

पुठ्ठ्याचा एक नियमित चतुष्फलक हातात घ्यावा. तो पुन्हा आपल्याच जागी बसेल अशा रीतीने फिरवण्याचे १२ प्रकार आहेत. मुळीच न फिरवणे हा १. प्रत्येक शिरोबिंदूतून जाणाऱ्या अक्षाभोवती १२० किंवा २४० अंशांतून फिरवणे, असे ८. आणि समोरासमोरच्या कडांचे मध्यबिंदू जोडणाऱ्या अक्षांभोवती अर्धा फेरा देणे, असे ३. या १२ परिभ्रमणांचा एक गट होतो. त्यात ६ घटकांचा उपगट आहे असे क्षणभर मानू. तो बरोबर निम्मा असल्यामुळे कोणतेही परिभ्रमण लागोपाठ दोनदा केले की येणारे परिभ्रमण त्या उपगटातच पडते. (याची सिद्धता दोन ओळींची आहे, ती विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावी.) आता २४० अंश दोनदा म्हणजे ४८० अंश, म्हणजेच १२० अंश. आणि १२० अंश दोनदा म्हणजे २४०. तेव्हा ती आठही परिभ्रमणे उपगटात आली! सहांच्या घरात आठ मावायचे कसे? असा उपगट असूच शकत नाही.

हा युक्तिवाद बारावीच्या हुशार मुलालाही समजेल. तो ज्याने एकदा स्वतः शोधला, त्याला 'विधान' आणि 'त्याचा व्यत्यास' यांतला फरक पुन्हा शिकवावा लागत नाही. पण ७० श्रेयांकांच्या लेखी परीक्षा पूर्वी न पाहिलेला प्रश्न एकही न सोडवता पार करता येत असतील, तर त्या श्रेयांकांनी मोजले काय? नेट परीक्षेत असे वळवलेले प्रश्न येतात, हे खरे. तिच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेतील तिसऱ्या भागात एकाहून अधिक पर्यायही बरोबर असू शकतात. तिथे मात्र पर्यायांवर खुणा करायच्या असतात, सिद्धतेची एकही ओळ लिहावी लागत नाही. एका परीक्षेत लिहायचे पण विचार नको, दुसरीत विचार हवा पण लिहायला नको, अशी ही विभागणी आहे.

पाठांतराच्या आणि शर्यतीच्या परीक्षेविषयीचे हे भांडण नवे नाही. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्याच्या आदल्या वर्षी चौथे आलेले हार्डी मात्र पुढे त्या परीक्षेचे कडवे टीकाकार झाले. क्रमवारीने नावे जाहीर करण्याची प्रथा १९०९ नंतर बंद पडली, तरी हार्डींचे समाधान झाले नाही. १९२६ मध्ये गणित शिक्षकांच्या संघटनेपुढे केलेल्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी ही परीक्षा सुधारण्याऐवजी मोडीतच काढावी असे मांडले. ती मोडीत निघाली नाही. त्याच परीक्षेचा 'तिसरा भाग' हा आज केंब्रिजचा गणितातील पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. (केंब्रिजची एम.ए. ही वेगळीच गंमत. तिथल्या पदवीधराला ठरावीक वर्षे उलटली की ती परीक्षेविना मिळते.) या तिसऱ्या भागात विद्यार्थ्याला एखाद्या लेखी परीक्षेऐवजी निबंध देता येतो. त्यात नवे संशोधन असावे अशी अट सहसा नसते. अनेक पुस्तकांत, शोधनिबंधांत विखुरलेले गणित गोळा करून, समजून घेऊन, स्वतःच्या मांडणीत लिहायचे, एवढीच अपेक्षा असते.

आपल्या १० श्रेयांकांच्या प्रकल्पाचे नाव मात्र 'संशोधन प्रकल्प'! रसायनशास्त्रात किंवा वनस्पतिशास्त्रात हे नाव शोभते. प्रयोगशाळेत काही महिने काम केले की लहानशी का होईना, नवी निरीक्षणे हाती येतात. गणितात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला वर्षभरात नवा सिद्धांत सापडणे विरळाच. अशक्य ते मागितले की त्याची नक्कल मिळते: दोन पुस्तकांतील प्रकरणे उतरवून बांधलेली सोनेरी अक्षरांची वही. जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांत १२० श्रेयांकांपैकी ३० प्रबंधाला असतात, म्हणजे एक अख्खे सत्र दुसरे काही नाही. आपल्याकडे तोच विद्यार्थी प्रकल्पासोबत इतर विषयांची तासिका, चाचण्या, सादरीकरणे सांभाळत असतो. तरीही प्रकल्पाची तरतूद झाली हे आम्हांला स्वागतार्ह वाटते. तिचे नाव 'विवरण प्रबंध' असे बदलावे, गुण मांडणीला द्यावेत, आणि शेवटी फळ्यापुढे तोंडी परीक्षा घ्यावी. पुस्तक बंद, हातात खडू.

अशा प्रबंधाला विषय दूर शोधायला नकोत. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी दाखवलेली ६१७४ ही संख्या घ्या. सगळे अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले, की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. तीन अंकांना ४९५ येते. दोन अंकांना मात्र एकच संख्या येत नाही: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र सुरू होते. पाच अंकांनाही स्थिर संख्या नाही, चक्रेच आहेत. असे का होते, कोणत्या अंकसंख्येला स्थिर संख्या असते, दशमानाऐवजी दुसरा पाया घेतला तर काय होते, हे जुने लेख वाचून, संगणकावर पडताळून आणि निदान दोन अंकांच्या बाबतीत पूर्ण सिद्धता देऊन चाळीस पानांत नीट लिहिता येईल. कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक कोठे मिळवायचे हा प्रश्न गणिताच्या विभागांना पडतो. त्याच विद्यार्थ्याने हा विषय जवळच्या शाळेत नववीच्या वर्गाला शिकवून पाहावा.