परदेशात रंगणारा शब्दकोड्याचा वाद

मराठी शब्दकोडे एकट्याने सोडवता येते, पण त्याची खरी गोडी उत्तरांवरून होणाऱ्या वादात आहे. परदेशातल्या मराठी मंडळींनी ही कला प्रेमाने जपली आहे. मूळ प्रकार अमेरिकेतलाच. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात छापून आले.

मराठीत रुजताना त्याची घडण बदलली. एका घरात एक पूर्ण अक्षर बसते, काना-मात्रा, वेलांटी आणि अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच घर. त्यामुळे बहुतेक शब्द दोन-चार घरांत मावतात आणि तेवढ्याशा जागेसाठी पर्यायांची गर्दी होते. 'हत्ती' दोन अक्षरी असेल तर गज, करी, दंती. तीन अक्षरी असेल तर कुंजर, वारण, मातंग. छेदणारा शब्द हाती लागेपर्यंत कोणाचेच उत्तर पक्के नसते.

काही वाद पिढ्यांमधले असतात. 'सूर्य, तीन अक्षरी' याचे उत्तर 'सविता' निघाले की परदेशात वाढलेली मुले हटकून हरकत घेतात, कारण त्यांच्या ओळखीत हे बाईचे नाव असते. मग घरातले आजी-आजोबा गायत्री मंत्रातल्या सवित्यापासून सुरुवात करतात. ऱ्हस्व-दीर्घाचा वाद अधिक चिवट. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार तत्सम शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा; म्हणून कवी, रवी. त्याआधी शाळा शिकलेल्यांच्या हाताला 'रवि' हेच वळण. 'रवी'चे शेवटचे घर आणि 'विमान'चे पहिले घर एकच असेल, तर कोडे बरोबर की चूक? काही जण वेलांटीचा भेद क्षम्य मानतात, काही जण मुळीच मानत नाहीत. कडक पक्षाची बाजू इथे सरस वाटते. घरात काय लिहायचे हेच सैल ठेवले तर छेद तपासायचा कशावर?

सर्वांत रंगतात ते प्रांतांचे वाद. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, तर उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. अशा मंडळांमुळे कोकण, देश, विदर्भ, बेळगाव, इंदूर, बडोदे अशा ठिकाणची माणसे एका पंगतीला येतात. गावी राहिली असती तर त्यांची गाठ क्वचितच पडली असती. त्यांच्यासमोर 'घराचा दर्शनी, उघडा भाग, तीन अक्षरी' असा संकेत आला की देशावरचा माणूस बेधडक 'ओसरी' लिहितो आणि कोकणातला 'पडवी'. संकेत दोन अक्षरी असता तर 'ओटी' आणि 'सोपा' यांची जुंपली असती. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापले घर असते, म्हणून कोणी सहज माघार घेत नाही. ओसरीवर पाहुणा बसतो, पडवीला छपराचा उतार असतो, अशी वर्णने सुरू होतात. 'खळे' या शब्दाचेही तेच: देशावर ती मळणीची जागा, कोकणात घरापुढचे अंगण. एरवी वर्षानुवर्षे तोंडी न आलेले शब्द अशा वेळी अर्थासह, उच्चारासह बाहेर पडतात. परदेशातल्या मराठीला याहून चांगला सराव क्वचितच मिळत असेल.

निवाडा आधी छेदाने होतो. ओसरी-पडवीच्या शेवटच्या घरातून 'सरस्वतीचे वाद्य' हा उभा शब्द निघत असेल, तर 'वीणा' पडवीच्या बाजूने कौल देते. छेदाने भागले नाही तर कोश उघडतात. मोल्सवर्थ यांचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शिकागो विद्यापीठाने संगणकावर उपलब्ध केले आहेत. त्यामुळे परदेशातल्या बैठकीतही शब्दाचे प्रांतिक अर्थ ताबडतोब पाहता येतात. कोशात दोन्ही अर्थ सापडले आणि छेदही दोन्हींना चालत असला, तर दोन्ही उत्तरे ग्राह्य धरणे हाच न्याय.

वाद घालता घालता यातले काही जण स्वतः कोडी रचू लागतात, आणि झालेला वाद त्यांच्या कामी येतो. मंडळाच्या अंकासाठी कोडे रचताना असा रचनाकार 'घराचा दर्शनी भाग' एवढ्यावर थांबत नाही. 'कोकणातल्या घराची उतरत्या छपराखालची जागा' असा नेमका संकेत देतो.