मालक गेल्यावर उरलेली नाटकमंडळी

संगीत नाटकमंडळ्यांचा विषय निघाला, की आपल्याकडे गाडी हमखास गंधर्व मंडळीच्या शालूंवर आणि अत्तरावर येऊन थांबते. ते वैभव खरंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण आज आम्ही बोलणार आहोत ते 'ललितकलादर्श'बद्दल, कारण मंडळीची खरी परीक्षा मालक गेल्यावर होते असं आम्हांला वाटतं.

केशवराव भोसल्यांनी ही मंडळी 1908 साली हुबळीला काढली. जुलै 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्या रात्रीच्या आठवणी पुष्कळ जणांनी लिहिल्या आहेत, आम्ही त्यात भर घालत नाही. पुढं तीनच महिन्यांत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. लोक ज्या गळ्यासाठी तिकीट काढत, तो गळाच गेला! बिऱ्हाडातल्या नटांचं, साथीदारांचं, पडदे ओढणाऱ्यांचं पोट कशावर चालायचं?

बापूराव पेंढारकरांनी मंडळी हातात घेतली आणि 1922 मध्ये मामा वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आणलं. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी दारं-खिडक्या असलेली खोली रंगमंचावर उभी राहिली. आता हे नाटक आज वाचायला घ्या, त्यातली काही भाषणं जड जातात, हे आम्ही लपवत नाही. पण बापूराव स्वतः उत्तम गाणारे असूनही त्यांनी चालू काळाच्या प्रश्नावर लिहिणारा नाटककार हाताशी धरला, ही गोष्ट आम्हांला त्या भाषणांपेक्षा मोठी वाटते.

याउलट गंधर्व मंडळी बघा. नवी नाटकं तिथंही येत होती, 'कान्होपात्रा' 1931 चं. पण सगळा डोलारा एकाच माणसावर. वन्समोरवर वन्समोर, पदं लांबत जायची आणि नाटक बिचारं विंगेत ताटकळत राहायचं. ते गाणं थोर होतंच, म्हणून तर कुणी त्याला थांबवलं नाही. 1935 च्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व एकनाथ झाले, तेव्हा मंडळीचं काम थांबलेलं होतं. कर्जाचं कारण सगळे सांगतात. कर्ज होतंच, पण एका गळ्यावर बेतलेल्या धंद्याला दुसरा आधार कुठला?

बापूरावही 1937 मध्ये गेले. म्हणजे 'ललितकलादर्श'ला हा घाव दुसऱ्यांदा बसला. त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी मंडळी पुन्हा उभी केली, आणि 1957 मध्ये तिनं बाळ कोल्हटकरांचं 'दुरितांचे तिमिर जावो' रंगभूमीवर आणलं. त्या नाटकाकडं आता वळू.