चित्रपटगीतांची हद्दपारी आणि गीतरामायण

मैफलीचें गाणें तिकीट काढून येणाऱ्यांपुरतें असतें. नभोवाणीचें गाणें न बोलावतां माजघरापर्यंत येतें. म्हणून एखादें केंद्र आपल्या संगीताची तऱ्हा बदलतें, तेव्हां सबंध समाजाच्या अभिरुचीवरच तो एक प्रयोग होत असतो.

असा मोठा प्रयोग आपल्या देशांत १९५२ सालीं झाला. त्या वर्षीं नभोवाणीमंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर यांनीं चित्रपटगीतांचें प्रक्षेपण आखडलें. पुढें निर्मात्यांशीं वाद होऊन तीं गीतें सरकारी नभोवाणीवरून जवळजवळ नाहींशींच झालीं. त्यांच्या जागीं शास्त्रीय व सुगम संगीत आलें. या धोरणाची नुसती थट्टा करणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. संस्थानें विलीन झाल्यावर गवयांचा राजाश्रय तुटला होता. त्याच वर्षीं सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमानें, ज्या गांवीं मैफल कधीं भरली नाहीं तेथेंही थोर कलावंतांचें गाणें पोहोंचविलें. हें ऋण मान्य केलेंच पाहिजे.

परंतु चांगलें देणें निराळें आणि आवडतें हिरावून घेणें निराळें. श्रोत्यांनीं वाद न घालतां यंत्राची कळ फिरविली व कोलंबोचें रेडिओ सिलोन लावलें. तेथून १९५२ च्याच डिसेंबरांत अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिची झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं ‘विविध भारती’ काढून सरकारनें त्या श्रोत्यांना परत बोलावलें.

यावर कोणी म्हणेल, कीं बंदी चुकली असेल, पण तिच्यामागील निवाडा खरा होता, चित्रपटसंगीत हीनच. या आक्षेपाचें उत्तर पुणें केंद्रानेंच देऊन ठेविलें आहे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून तेथून ‘गीतरामायण’ प्रक्षेपित होऊं लागलें. आठवड्यास एक याप्रमाणें ५६ गीतें वर्षभर घरोघर ऐकिलीं गेलीं. त्यांचे कर्ते कोण? ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके. दोघेही चित्रपटसृष्टींत नांवारूपास आलेले. थोड्या वेळांत भावना उभी करणें, प्रसंग व पात्र सुरांतून सुचविणें, रागाचा आधार घेऊनही शब्द बुडूं न देणें, ही विद्या त्यांनीं बऱ्याच अंशीं तेथेंच पक्की केली होती. ज्या व्यवसायाला नभोवाणीनें दाराबाहेर ठेविलें, त्यांतल्याच दोघांनीं तिच्या एका केंद्राला अजोड यश मिळवून दिलें. चित्रपटगीतांवर टीका जरूर व्हावी. पण ती गीतागणिक व्हावी. सबंध प्रकाराला एकच निकाल लावणें हें रसिकाचें काम नव्हे.

आज परिस्थिति उलटली आहे. २००१ पासून निघालेल्या खासगी केंद्रांपैकीं बहुतेकांनीं चालू चित्रपटगीतांचाच रतीब धरिला आहे. मंत्र्याला श्रोत्याची आवड हीन वाटली, व्यापाऱ्याला ती अचल वाटते; श्रोता नव्या गाण्याला कान देईल, हा विश्वास दोघांनाही नाहीं. पुणें केंद्रानें तो एकदां ठेविला होता, आणि रामकथा तोंडपाठ असलेल्या घरांनींही पुढील आठवड्याच्या गीताची वाट पाहिली. केंद्रचालकांनीं आपली कार्यक्रमपत्रिका आखतांना हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.