वडील धाकटे होतात तेव्हा

आज पुस्तक एकच घेतलंय, आणि खरं सांगायचं तर त्यातलं एकच पान. आल्बेर कामूची 'द फर्स्ट मॅन' ही कादंबरी. कामू 4 जानेवारी 1960 ला मोटार अपघातात गेला, तेव्हा 46 वर्षांचा होता. अपघाताच्या जागी सापडलेल्या बॅगेत या कादंबरीची हातानं लिहिलेली 144 पानं होती. कित्येक ठिकाणी ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. पुस्तक छापून आलं 1994 साली. म्हणजे आपण बोलतोय ते एका कच्च्या खर्ड्याबद्दल, एवढं लक्षात असू द्या.

तर ते पान. झाक कॉरमेरी नावाचा चाळिशीचा माणूस फ्रान्समधल्या सँ-ब्रियू या गावी वडिलांची कबर बघायला जातो. तो वाढला अल्जीरियात. वडील पहिल्या महायुद्धात, मार्नच्या लढाईत जखमी झाले आणि या गावी वारले. तेव्हा हा वर्षाचासुद्धा नव्हता. आठवण काहीच नाही. आईनं सांगितलं म्हणून आलाय, ती स्वतः कधी येऊ शकलेली नाही. त्याला या भेटीत फारसा अर्थ वाटत नाही. रखवालदार कबर दाखवतो, हा बघतो, मन भलतीकडेच. आणि मग दगडावरचे आकडे दिसतात, 1885 ते 1914. सवयीनं वजाबाकी होते. एकोणतीस. आणि हा चाळीसचा.

या कादंबरीला 'पोरक्या मुलाचा पितृशोध' म्हणायची पद्धत पडली आहे. पहिल्या भागाचं नावच वडिलांच्या शोधाचं आहे, त्यामुळे तसं म्हणणं सोपं जातं. पण मला ते पटत नाही. कबरीपाशी झाकला वडील सापडत नाहीत. तिथं त्याचं मुलगा असणं संपतं. त्याला जे भरून येतं, ते मुलाला बापाबद्दल येतं तसलं नाहीच. आपल्या डोळ्यांदेखत एखादं पोर नाहक मारलं जावं आणि मोठ्या माणसाच्या पोटात कालवावं, तशी ती कणव आहे. हातातलं गणित बरोबर आहे, आणि त्यामुळेच काळाचा क्रम बिघडलाय. आधी बाप, मग मुलगा, हा क्रम.

आता आपली भाषा बघा. आपण 'वडील बंधू' म्हणतो, 'वडीलधारी माणसं' म्हणतो. आपल्याकडे बाप हा शब्दातच मोठा. 'माझे वडील माझ्यापेक्षा लहान आहेत' हे वाक्य मराठीत स्वतःच्याच पायात अडखळून पडतं. (हशा.) हसलात, पण भाषांतरकाराला इथं घाम फुटेल. कबरीपाशी येईपर्यंत वडिलांना 'ते' म्हणायचं, ठीक. पण वजाबाकी झाल्यावर? एकोणतीस वर्षांच्या त्या पोराला 'ते' म्हणायचं की 'तो'? फ्रेंच सर्वनामाला हा प्रश्नच पडत नाही. आपल्याला उत्तर द्यावंच लागतं. मी तिथं 'तो' करीन. आणि पुढं झाक अल्जिअर्सला आईसमोर येऊन बसला, की परत 'ते'. कारण आईसमोर तो पुन्हा मुलगा होतो.

जरा घरचं सांगतो. आमचे अण्णा बावन्नाव्या वर्षी गेले. मी त्यांच्यापेक्षा एक दिवसानं मोठा झालो त्या सकाळी बँकेत केवायसीच्या रांगेत उभा होतो. रांगेतच लक्षात आलं. कुणाला सांगणार? परवा शेजारचा एक मुलगा भिंतीवरचा फोटो बघून म्हणाला, "काका, हे तुमचे धाकटे भाऊ का?" आईनं आतून ऐकलं. काही बोलली नाही.

असो, पुस्तकाकडे येऊ. कामू स्वतः त्या कबरीपाशी गेला तो 1947 साली, तेव्हा तो 33 वर्षांचा होता. वडिलांपेक्षा चारच वर्षांनी मोठा. कादंबरीत त्यानं झाकला चाळीसचा केला. चार वर्षांच्या फरकानं माणूस चमकेल. अकरा वर्षांच्या फरकानं त्याला समोर पोरगाच दिसू लागेल. हा बदल मला फार नेमका वाटतो.

सगळंच मात्र असं जमलेलं नाही. पहिलंच प्रकरण घ्या. पाऊस, रात्र, खटारा, कळा देणारी बायको, आणि सगळं शांतपणे निभावून नेणारा कर्ता पुरुष. तो झाकचा बाप. लिहिलंय सुरेखच, पण मला ते खटकतं. पुढं आख्खं पुस्तक सांगतं की या माणसाबद्दल कुणालाच काही माहीत नाही. आई जवळजवळ बहिरी, निरक्षर. तिला विचारलं तर तुटक उत्तरं, आणि नजर खिडकीबाहेर रस्त्यावर. मग पहिल्या प्रकरणातला तो भरवशाचा बाप आला कुठून? मुलाला हवा होता म्हणून आला. खर्डा पुरा झाला असता तर कामूनं ते प्रकरण ठेवलं असतं का, मला शंका आहे.

वडिलांची म्हणून खरी एकच गोष्ट कामूकडे होती. ते एकदा पहाटे एका खुन्याचा शिरच्छेद बघायला गेले, घरी आले, कुणाशी बोलले नाहीत, आणि ओकले. ही गोष्ट 'द आउटसायडर'मध्ये आहे, गिलोटिनवरच्या 1957 च्या निबंधात आहे, आणि इथंही आहे. एकाच नाण्यावर जन्मभर संसार केल्यासारखा तो ती वापरतो. आणि ती गोष्टही धीरोदात्त बापाची नाहीच. एका तरुण माणसाला बघवलं नाही, त्याची आहे. मला पहिल्या प्रकरणापेक्षा या ओकारीत तो माणूस जास्त दिसतो.

जाता जाता एक तारीख. हे हस्तलिखित लावून छापायला दिलं ते कामूची मुलगी कॅथरीन हिनं. कामूचं अक्षर बारीक, घाईचं. आई फ्रान्सीननं आधी एक प्रत टंकून ठेवली होती, तरी कॅथरीननं पुन्हा एकेक शब्द लावला. तिचा जन्म सप्टेंबर 1945 चा. 1994 च्या वसंतात पुस्तक आलं तेव्हा ती 48 वर्षांची होती. वडील 46 चे. चाळीस वर्षांचा मुलगा एकोणतिशीच्या बापाच्या कबरीपाशी उभा आहे, ते पान तिनं लावलं तेव्हा ती स्वतः त्या लिहिणाऱ्यापेक्षा मोठी झालेली होती, किंवा होत होती.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत हात वर आहे, माइक द्या त्यांना.