संमतीपत्रातला ‘हस्तक्षेप’

मंडळी, आज समीक्षेला घेतलंय ते पुस्तक नाही, दोन पानी कागद आहे. फिजिओथेरपीच्या संशोधनात सहभागी होताना रुग्ण ज्यावर सही किंवा अंगठा करतो, ते मराठी संमतीपत्र. घाटीमुळे अर्धा मराठवाडा उपचारासाठी आपल्या छत्रपती संभाजीनगरात येतो. शहरात फिजिओथेरपीची महाविद्यालयंही आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध करावाच लागतो, आणि त्यासाठी गुडघे झिजलेली, खांदा आखडलेली, लकव्यातून सावरणारी माणसं लागतात. तीच हा कागद हातात घेतात. वाचतात, असं म्हणवत नाही.

राज्यातल्या वेगवेगळ्या ठिकाणचे असे काही कागद आम्ही नीट वाचले. पहिल्यांदा अडतो तो ‘हस्तक्षेप’. इंग्रजी ‘इंटरव्हेन्शन’चं हे भाषांतर. मराठीत हस्तक्षेप कोण करतं? शेजारी, नाहीतर पुढारी. (हशा) ‘नियंत्रण गट’ म्हटलं की मधुमेही आजीला वाटतं, आपली साखर नियंत्रणात आणणार आहेत. ‘यादृच्छिक’ तर आम्हालाही दोनदा वाचावं लागलं. ‘तुम्ही कोणत्या गटात, ते चिठ्ठी काढून ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत’ एवढं लिहिलं तर काय बिघडतं?

पण शब्द बदलून भागणार नाही. हे कागद औषधाच्या चाचणीच्या साच्यात ओतलेत. तिथं खरी आणि खोटी गोळी सारखी दिसते; कोणती मिळाली हे रुग्णालाही कळत नाही. व्यायामात ते लपवायचं कसं? रोज मॅडम पाय उचलून घेतात की नुसता शेक देतात, हे बाईंना दिसतंच ना. शिवाय निम्मा उपचार त्या स्वतःच करतात, घरी, चटईवर. मग महिन्यानं त्याच मॅडम विचारतात, ‘दहापैकी किती दुखतं?’ आपल्याकडे माणूस उपकाराची जाण ठेवतो. दुखणं सात असलं तरी ‘चार’ म्हणतो. मॅडमचा अभ्यास चांगला व्हावा ना! त्यात खोटेपणा नाही, भाबडा सौजन्य आहे, पण निकाल तिथंच नासतो. म्हणून मोजणारी व्यक्ती वेगळी हवी, आणि ‘तुमचा गट तिला सांगू नका, जेवढं दुखतं तेवढंच सांगा’ हे वाक्य कागदावर ठळक हवं. आम्हाला ते एकाही कागदात सापडलं नाही.

‘केव्हाही बाहेर पडू शकता’ हे मात्र सगळीकडे आहे, आणि ते बरोबरच आहे. फक्त आठवड्यातून तीनदा पैठणहून यायचं तर किती रोज बुडेल, एसटीचं भाडं कोण देईल, यावर कागद गप्प. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रवासखर्चाच्या भरपाईचा विचार आहे. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदारही सांगितलाय. कापूस वेचणी लागली की बाया येईनाशा होतात. अहवालात त्यांची फक्त ‘गळती’ होते.

एवढा त्रास घ्यायचाच कशाला, असं कुणी म्हणेल. ‘अटेंड’ चाचणी बघा. भारतातली 14 रुग्णालयं, पक्षाघाताचे 1,250 रुग्ण. घरच्या माणसालाच शिकवून व्यायाम करवून घ्यायचे, अशी कल्पना. स्वस्त, आपल्या कुटुंबपद्धतीला शोभणारी, कुणालाही पटावी. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी झालेले दोन्ही गटांत 47 टक्के. फायदा नाही. चाचणी झाली नसती तर कदाचित ते ओझं सुनांच्या डोक्यावर सरकारी योजना म्हणून आलं असतं. त्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी दिलेला वेळ आम्ही वाया गेला असं मानत नाही.

तर सही करण्याआधी एक विचारा: सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? ही राष्ट्रीय नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली, आणि 1 एप्रिल 2018 पासून तिथं पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. किती रुग्ण, काय मोजणार, हे आधी लिहून ठेवलं की मागाहून सोयीचं मोजमाप निवडता येत नाही. नोंद कुणालाही फुकट बघता येते. ती इंग्रजीत आहे, ही पुन्हा आमची तक्रार. तूर्तास नातवाला मोबाईलवर उघडायला सांगा. आता प्रश्न घेऊ.