पावणं, गाव कंचं?

नवीन शहर समजून घ्यायचं तर अनोळखी माणसांशी बोलावं, टपरीवर बसावं, गोष्टी आपोआप कळतात, असा सल्ला पांढरपेशे लेखक नवोदितांना देतात. सल्ला वाईट नाही. पण समोरचा अनोळखी माणूस आपल्याला उलटं काय विचारतो, ते त्या सल्ल्यात कुठंच नसतं.

मी मराठवाड्यातनं इचलकरंजीला आलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर लागलो. पहिल्याच रात्री टपरीवर एकानं विचारलं, "पावणं, गाव कंचं?" सांगितलं. "आडनाव?" तेही सांगितलं. आमचं आडनाव गावावरनं पडलेलं, त्यावरनं काही कळत नाही. मग तिसरा प्रश्न आला, "पै-पावणं कुठले तुमचे?" दोस्तांनो, या तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. मी दुसऱ्यांचे पावणे आपले म्हणून सांगितले. त्या खोट्यावर खोली मिळाली, डबा मिळाला.

त्याच दिवसांत बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचली. संग्रह 1963 चा. नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात जातो, जात लपवतो, कवी म्हणून मान मिळवतो. जात उघडी पडते तेव्हा मार खातो. समीक्षकांनी या कथेत विद्रोह पाहिला, तो आहेच. मला तिच्यातलं बोलणं दिसलं. नायक मोठमोठं बोलतो, पण प्रत्येक वाक्य जात सांभाळून. असा माणूस दुसऱ्याची गोष्ट काय ऐकणार? त्याचा सगळा जीव स्वतःची लपवण्यात.

1917 साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. अमेरिकेत शिकून आलेला माणूस, पण शहरात उतरायला जागा नाही. पारशी नाव घेऊन पारश्यांच्या धर्मशाळेत राहावं लागलं. कळल्यावर काठ्या घेऊन माणसं आली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. तिथला एकटेपणा वाचा. शहरभर माणसं, आणि बोलायला कुणी नाही.

आता बागुलांच्या कथेबद्दल माझी एक तक्रार. तिच्यात काशिनाथ आहे. तो जात लपवत नाही, आणि मार पडतो तेव्हा तोच धावून येतो. पण कथा सांगतो लपवणारा. काशिनाथची बाजू आपल्याला लपवणाऱ्याच्या नजरेतनंच दिसते. 1963 साली लपवणाऱ्याची भीती मांडणं गरजेचं होतं. मात्र त्यानंतर साठ वर्षं होऊन गेली, काशिनाथची गोष्ट आपण लिहायला नको होती का?

आपण काय करतो? 'गोलपिठा' 1972 साली आला. ढसाळ त्या वस्तीत वाढले, टॅक्सी चालवली, तिथली माणसं त्यांच्या ओळखीची होती. आपण इचलकरंजीत, भिवंडीत राहतो आणि कवितेत त्यांचीच गल्ली लिहितो. माझ्या वहीत अशा अकरा कविता होत्या. मी ज्या गल्लीत झोपतो तिच्यातला एक शब्द त्यांत नव्हता. फाडून टाकल्या.

पुढं मी खोलीवर खरं सांगितलं. मालकानं महिना भरायच्या आत ट्रंक दाराबाहेर ठेवली. हे लपवत नाही, कारण खरं बोला म्हणणं सोपं आणि ट्रंक उचलणं अवघड. पण दुसऱ्या दिवशी ही गोष्ट गिरणीत पसरली. वाइंडिंगमधली एक मावशी, एरवी जेवायच्या सुट्टीत दूर बसणारी, डबा घेऊन शेजारी आली. म्हणाली, "पोरा, मी बी दुसरं नाव सांगूनच ऱ्हाते." विजापूरकडनं दुष्काळात कशी आली, कुठं कुठं राहिली, पोरांना घरात काय बोलायचं नाही म्हणून शिकवलं, सगळं सांगितलं. दोन वर्षं आम्ही एका छपराखाली होतो, एकमेकांपासनं एकच गोष्ट लपवत.

इचलकरंजीची ही गोष्ट मला टपरीवर मिळाली नव्हती. माझं नाव खरं झालं तेव्हा मिळाली.

म्हणून मित्रांनो, पुढच्या अंकाला लिहिताना आपल्या गावातल्या टपरीवर बसा. तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलं, ते लिहा. खोटं दिलं असेल तर तेही लिहा.

जयभीम.