ठाणे अंमलदाराची लेखणी

आपल्या आत्मकथनांवर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले. वेदना, नकार, विद्रोह हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले. पण आत्मकथनातला हाच माणूस पोलीस ठाण्यात उभा राहून जे बोलतो, आणि त्याच्या नावावर जे लिहिले जाते, त्या मजकुराकडे साहित्याचा विचार करणाऱ्यांनी फारसे पाहिलेले नाही. फिर्याद हाही प्रथमपुरुषी लेखनप्रकार आहे. त्यात ‘मी’ असतो, नाव-गाव-जात-धंदा असतो, घडलेली हकीकत असते. फक्त लेखणी दुसऱ्याच्या हातात असते.

हक्कांची माहिती देणाऱ्या पुस्तिका मात्र आपल्याकडे भरपूर निघतात. शिबिरात त्या वाटल्या जातात. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर नेले पाहिजे, नातेवाइकाला कळवले पाहिजे, वकिलाला भेटू दिले पाहिजे, चौकशीसाठी स्त्रीला ठाण्यात बोलावता येत नाही. हे सारे खरे आहे आणि ते पाठ असलेच पाहिजे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिलेल्या सूचना प्रत्येक ठाण्यात ठळक जागी लावायच्या आहेत. अटकेची कारणे लेखी, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असे त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सांगितले.

माझी तक्रार आहे ती या पुस्तिकांनी कल्पिलेल्या वाचकाबद्दल. त्यांचा ‘नागरिक’ ठाण्यात शिरतो, खुर्चीवर बसतो, कलम सांगतो आणि समोरचा हवालदार ते ऐकून घेतो. आमच्या माणसाला खुर्ची कोण देतो? लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले. १८७१ च्या कायद्याच्या पठडीत जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातीतला माणूस त्यात बोलतो. तिथे पोलीस घरी येतात ते तक्रार लिहून घ्यायला येत नाहीत. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण ठाण्यातली नजर काही रद्द झाली नाही. पुस्तिका लिहिणाऱ्याने आधी हे पुस्तक वाचावे. आणि ‘उचल्या’वर लिहिणाऱ्या समीक्षकाने एखादी फिर्याद वाचावी.

फिर्याद कशी असते? “मी समक्ष हजर राहून लिहून देतो की” अशी तिची सुरुवात. मग “सदर इसम”, “त्यावेळी”, “किरकोळ कारणावरून”, “जातीवाचक शिवीगाळ करून”, “लाथाबुक्क्यांनी मारहाण करून”. शेवटी “माझी फिर्याद मला वाचून दाखविली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.” खाली सही, नाही तर अंगठा. मराठवाड्यातली म्हातारी असो की विदर्भातला सालगडी, ठाण्यात गेल्यावर सगळे एकाच भाषेत बोलू लागतात! ज्या बोलीसाठी आपण साहित्यात एवढे भांडलो, ती बोली ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मुकाट मारली जाते.

कुणी म्हणेल, हा शैलीचा प्रश्न झाला. नाही. “जातीवाचक शिवीगाळ” हे दोन शब्द घ्या. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. जाणूनबुजून केलेला अपमान, जातीच्या नावाने दिलेली शिवी, आणि तीही लोकांच्या नजरेसमोर, असे त्या कलमांना सिद्ध करून हवे असते. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका प्रकरणात ठरवले. म्हणजे शिवी नेमकी कोणती, कुठे उभे राहून दिली, तेव्हा पारावर कोण बसले होते, हे सारे फिर्यादीत लागते. सांगणाऱ्याने ते सांगितलेले असते. लिहिणारा त्याचे “जातीवाचक शिवीगाळ” करून मोकळा होतो. आणि पुढे बचावाचा वकील विचारतो, शब्द कोणते ते फिर्यादीत का नाही?

हे कसब नवे नाही. कुलकर्णी आणि कचेरीतले कारकून अडाणी शेतकऱ्याचे म्हणणे कसे फिरवतात, हे जोतीराव फुल्यांनी १८८० च्या दशकातच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले. जबाबाचा पहिला समीक्षक म्हणून आपण त्यांच्याकडे पाहायला हवे. साहित्याच्या इतिहासकारांना ते सुचले नाही.

एका शब्दप्रयोगाने काय होते ते खैरलांजीने दाखवले. २९ सप्टेंबर २००६ ला एका कुटुंबातली चार माणसे मारली गेली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी धरले, पण अत्याचार कायदा लावला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही लावला नाही. तेव्हा कायद्याची भाषा होती, पीडित अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ गुन्हा केला पाहिजे. मारेकऱ्याच्या मनातले कारण कोण सिद्ध करणार? २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, तिथे पीडिताची जात ‘माहीत असताना’ असे शब्द आले. चळवळीने ही दुरुस्ती लढून मिळवली. शब्दावर लढता येते, हे आपल्या कवींना वेगळे सांगायला नको.

त्याच दुरुस्तीत चौथे कलम नव्याने लिहिले गेले, आणि माझ्या मते ते या कायद्यातले सर्वांत साहित्यिक कलम आहे. तोंडी सांगितलेली माहिती लिहून घेतल्यावर, सही घेण्याआधी ती सांगणाऱ्याला वाचून दाखवणे, योग्य कलमे लावून गुन्हा नोंदवणे, प्रत ताबडतोब देणे ही अधिकाऱ्याची कर्तव्ये ठरवली. जाणूनबुजून हयगय करणारा अधिकारी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद. तीही प्रशासकीय चौकशीत शिफारस झाली तरच, ही मेख आहेच. पण “वाचून दाखविली” हे छापील वाक्य खोटे लिहिणे हा गुन्हा होऊ शकतो, एवढे तरी यातून कागदावर आले.

मार्च २०१८ मध्ये कराडच्या एका प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली. २ एप्रिलला देश बंद झाला. संसदेने त्याच वर्षी १८-अ कलम घातले, प्राथमिक चौकशीची गरज नाही असे त्यात स्वच्छ लिहिले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते न्यायालयात टिकले. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १७३ व्या कलमात तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे. ते कलम पुढे करून कुणी “चौकशी करून कळवतो” म्हणाले, तर १८-अ दाखवावे.

आणि दाखवूनही भागले नाही तर? परभणीत १० डिसेंबर २०२४ ला डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. बंदनंतर धरपकड झाली. पकडलेल्यांत वडार समाजातला एक तरुण होता, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. पोलिसांवर गुन्हा नोंदला जावा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तसा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. हक्क माहीत असले की माणूस सुरक्षित, असे सांगणाऱ्या पुस्तिकेने या मुलाविषयी काय म्हणायचे? एकट्याचे ज्ञान कोठडीच्या दारातच संपते. बाहेर उभी असलेली माणसे, त्यांच्या हातातली प्रत, वैद्यकीय तपासणीचा कागद, यांच्या जोरावरच ते ज्ञान पुढे चालते.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या अभ्यासमंडळांत कवितेबरोबर एक फिर्यादही वाचायला घ्यावी, पीडितांची संमती घेऊन आणि नावे झाकून. सांगणारा काय म्हणाला होता ते शेजारी त्याच्या बोलीत लिहावे आणि कुठे काय गळले ते पाहावे. ठाण्यात जाताना हकीकत घरीच, सांगणाऱ्याच्या शब्दांत, शिवीसकट लिहून न्यावी. नोंद नाकारली तर तोच कागद पोलीस अधीक्षकाकडे पोस्टाने पाठवावा, नंतर दंडाधिकाऱ्याकडे जावे. फिर्यादीवर सही करायची ती वाचून घेतल्यावर. तपासात साक्षीदार म्हणून दिलेल्या जबाबावर मात्र सही घेण्याची कायद्यातच मनाई आहे. अंगठा पुढे करण्याआधी, समोरचा कागद या दोहोंपैकी कोणता, हे विचारावे.